वर गाव, खाली दारूगोळा : इंग्लंडच्या कोर्शमची गोष्ट पुलगाव परिसराने का वाचावी?

वर्धा : गेल्या काही वर्षांत मोबाईलवर युद्धाच्या बातम्या पाहताना एक गोष्ट अनेकांच्या लक्षात आली असेल. लढाई वर दिसते, पण महत्त्वाचा साठा जमिनीखाली असतो. जून २०२५ मध्ये अमेरिकेने इराणच्या फोर्दो अणुकेंद्रावर बॉम्ब टाकले. ते केंद्र डोंगराच्या पोटात आहे. त्याआधी २०२३ च्या सुरुवातीला युक्रेनमध्ये सोलेदार आणि बाखमुत या दोन गावांसाठी रशियाने महिनोन् महिने माणसं खर्ची घातली. तिथे मिठाच्या आणि जिप्समच्या जुन्या खाणी आहेत. वॅग्नर या भाडोत्री फौजेचा प्रमुख येवगेनी प्रिगोझिन याने तर उघडच सांगितलं होतं, की या खाणी म्हणजे जमिनीखालची शहरं आहेत आणि आम्हाला त्या हव्या आहेत. बाखमुतच्या जिप्सम खाणीत लढाईच्या आधी काय चालत होतं? १९५० पासून तिथे ७२ मीटर खोलीवर दारूचा कारखाना होता.

म्हणजे खाणीतून माल काढून झाला, मजूर घरी गेले, म्हणून खाण संपत नाही. खाली उरलेल्या पोकळीला नंतर गिऱ्हाईक मिळतं. कधी लष्कर येतं, कधी कारखाना, कधी गोदामवाला. हे जगभर झालं आहे. प्रश्न असा, की त्या पोकळीच्या वर किंवा शेजारी जे गाव असतं, त्याला यातलं काय कळतं आणि काय मिळतं?

आपल्या जिल्ह्याला हा प्रश्न परका नाही. देवळी तालुक्यातलं पुलगावचं केंद्रीय दारूगोळा भांडार, ज्याला आपण सगळे नुसतं ‘सीएडी’ म्हणतो, ते काही खाणीत नाही, जमिनीवर आहे. पण इंग्लंडमध्ये अगदी याच नावाचं, ‘सेंट्रल अॅम्युनिशन डेपो’ नावाचं भांडार दगडाच्या जुन्या खाणीत उभं राहिलं होतं. तिथे काय झालं हे समजून घेतलं, तर आपण इथे काय विचारायला पाहिजे हेही समजतं.

दगड गेला, पोकळी राहिली

कोर्शम हे लंडनच्या पश्चिमेला साधारण १६० किलोमीटरवरचं छोटं गाव. विल्टशर परगण्यात, बाथ शहराजवळ. या भागात जमिनीखाली फिकट पिवळा चुनखडीचा दगड लागतो. त्याला ‘बाथ स्टोन’ म्हणतात. बाथ शहरातल्या नावाजलेल्या इमारती याच दगडाच्या.

१८४१ मध्ये लंडनहून ब्रिस्टलला जाणाऱ्या रेल्वेसाठी इथे जवळपास ३ किलोमीटर लांबीचा बॉक्स बोगदा खुला झाला. इसम्बार्ड किंगडम ब्रुनेल हा त्याचा इंजिनिअर. बोगदा खोदताना चांगल्या दगडाचा मोठा थर लागला. शिवाय दगड वाहून न्यायला दाराशी रेल्वे आली. मग काय, पुढची ६०-७० वर्षं या परिसरात जोरात खाणकाम चाललं.

आपल्याकडची गिट्टी खदान वरून उघडी असते. सुरुंग लावायचा, दगड फोडायचा, क्रशरला पाठवायचा. कोर्शमची पद्धत वेगळी होती. तिथे चांगला दगड खोल असल्यामुळे खाली उतरून, आडवं आत जाऊन काम करायचे. छताच्या लगत लांब दांड्याच्या कुदळीने आधी फट पाडायची. मग त्या फटीत करवत घालून दगड वरून खाली चिरायचा. जमिनीतून नुकताच काढलेला हा दगड ओला आणि मऊ असतो, वाळला की टणक होतो, म्हणून हातकरवत चालायची. मोठमोठे ठोकळे निघायचे. घोडे गाडी ओढायचे. छत पडू नये म्हणून मधेमधे दगडाचे खांब तसेच सोडायचे. वाया गेलेला चुरा आणि तुकडे आधी रिकाम्या झालेल्या दालनांत भरून ठेवायचे.

अशी एकमेकींना जोडलेली मैलोन् मैल दालनं तयार झाली. काही ठिकाणी वर १०० फुटांच्या आसपास खडक. विसाव्या शतकात बांधकामात सिमेंट आणि दुसरा दगड आला, मागणी घटली, आणि एकेक खाण बंद पडत गेली.

लष्कर का आलं?

पहिल्या महायुद्धातच इथल्या रिज नावाच्या खाणीत स्फोटकं ठेवून पाहिली होती. १९३० च्या दशकात पुन्हा युद्धाचे ढग जमू लागले. तोवर विमानं मोठी झाली होती. उघड्यावरच्या भांडारावर एक बॉम्ब पडला तर अख्ख्या सैन्याचा दारूगोळा जाईल, ही भीती होती. नवीन भुयार खणायला वेळही नव्हता, पैसाही नव्हता. खाणी मात्र तयार होत्या. रेल्वे जवळ होती. ब्रिटिश युद्धखात्याने रिज, टनेल, ईस्टलेज आणि मंक्टन फार्ली या खाणी ताब्यात घेतल्या.

कागदावर काम सोपं दिसत होतं. प्रत्यक्षात खाण म्हणजे गोदाम नव्हे, हे लगेच कळलं. आधी वर्षानुवर्षं आत भरून ठेवलेला चुरा उपसावा लागला. खांब वेडेवाकडे होते, त्यांना काँक्रीटचा आधार द्यावा लागला. सगळ्यात मोठा शत्रू निघाला ओलावा. गोळ्याच्या आतली दारू ओलाव्याने खराब होते. त्यामुळे अख्ख्या खाणीत कोरडी हवा खेळवणारी यंत्रं बसवावी लागली. आतच वीज तयार करायची सोय केली. गोळे हलवायला सरकते पट्टे लावले.

टनेल खाणीत तर बॉक्स बोगद्याच्या पूर्वेकडच्या तोंडाजवळून रेल्वेचा फाटा थेट आत नेला आणि जमिनीखाली फलाट बांधला. वर शेतं, खाली मालगाडी उभी! मंक्टन फार्लीला खाणीपासून रेल्वेपर्यंत दीड-दोन किलोमीटरचा वेगळा बोगदा काढला. युद्ध ऐन भरात असताना या सगळ्या खाणींत मिळून काही लाख टन दारूगोळा होता.

कारखाना : घाई झाली, खर्च वाढला

सप्टेंबर १९४० मध्ये जर्मन विमानांनी ब्रिस्टलजवळच्या फिल्टनच्या विमान कारखान्यावर हल्ला केला. मोठी जीवितहानी झाली. सरकारने ठरवलं, की विमानाची इंजिनं बनवण्याचं काम जमिनीखाली न्यायचं. त्याच वर्षाच्या शेवटी कोर्शमची स्प्रिंग खाण ताब्यात घेतली.

काही महिन्यांत कारखाना सुरू होईल असा अंदाज होता. काम काही वर्षं चाललं आणि खर्च मूळ अंदाजाच्या कितीतरी पट झाला. कामगारांना वर-खाली करायला लंडनच्या भुयारी रेल्वेच्या स्टेशनांवरचे सरकते जिने आणून बसवले. हजारो कामगारांसाठी वर वसाहती बांधल्या. दिवसभर उजेड न दिसणाऱ्या माणसांचं मन रमावं म्हणून खालच्या कॅन्टीनच्या भिंतींवर ओल्गा लेहमन या चित्रकार बाईंकडून मोठी रंगीत चित्रं काढून घेतली. ती चित्रं आजही आहेत आणि त्यांना सरकारी संरक्षण आहे.

पण कारखाना तयार होईपर्यंत मोठ्या हवाई हल्ल्यांचा धोका ओसरला होता. युद्ध संपताच काम बंद झालं. कामगारांच्या वसाहतींत नंतर पोलंडचे निर्वासित राहिले.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. सरकार घाईत असलं, की ‘जुनी खदान फुकटात मिळते’ असा हिशोब करतं. खदान स्वस्त पडते, पण तिला माणसांसाठी सुरक्षित करणं महाग असतं. हा खर्च सुरुवातीच्या अंदाजात कधी दिसत नाही.

कुठे माणसं वाचली, कुठे मेली

जमिनीखालचे कारखाने जर्मनीनेही उभारले. ऑगस्ट १९४३ मध्ये ब्रिटिश विमानांनी जर्मनीच्या रॉकेट केंद्रावर बॉम्ब टाकले. त्यानंतर नॉर्डहाउझेन गावाजवळच्या कोनश्टाइन डोंगरात, जिथे पूर्वी जिप्समसारखं खनिज काढायला बोगदे खणले होते, तिथे व्ही-२ रॉकेटचा कारखाना हलवला. तिथे मजूर म्हणून छळछावणीतले कैदी आणले. सुरुवातीचे कित्येक महिने हे कैदी बोगद्यातच झोपायचे, तिथल्याच धुळीत आणि अंधारात. मिटेलबाउ-डोरा नावाच्या त्या छावणीतून ६० हजारांच्या आसपास कैदी गेले आणि त्यातले सुमारे २० हजार मेले. त्या रॉकेटांनी जितकी माणसं मारली, त्याहून जास्त ती बनवताना मेली असं इतिहासकार सांगतात.

कोर्शममध्ये असं काही झालं नाही. पण ब्रिटनमध्ये दुसरीकडे दोन मोठे धडे मिळाले.

पहिला वेल्समधल्या लानबेरिसचा. स्लेट दगडाच्या खुल्या खाणीत काँक्रीटची दुमजली रचना उभी केली, वरून दगडमाती भरली आणि आत विमानदलाचे बॉम्ब ठेवले. १९४१ मध्ये भांडार सुरू झालं. जानेवारी १९४२ मध्ये त्याचा मोठा भाग खचला आणि हजारो टन बॉम्ब ढिगाऱ्याखाली गेले. शत्रूचं एकही विमान आलं नव्हतं. बांधकामच कमजोर होतं.

दुसरा धडा फॉल्डचा, आणि तो फार भयंकर आहे. स्टॅफर्डशर परगण्यात हॅनबरी गावाजवळ जिप्समच्या खाणीत विमानदलाचं बॉम्ब भांडार होतं. २७ नोव्हेंबर १९४४ रोजी सकाळी ११ च्या सुमारास तिथे साडेतीन ते चार हजार टन स्फोटकं एकदम उडाली. सुमारे ७० माणसं गेली. काहींचे मृतदेह कधीच मिळाले नाहीत. वर असलेलं एक अख्खं शेतघर माणसं आणि जनावरांसकट नाहीसं झालं. शेजारचं पाण्याचं धरण फुटलं आणि चिखलाचा लोंढा प्लास्टरच्या कारखान्यावर गेला. तिथे पडलेला खड्डा सुमारे १०० फूट खोल आणि १२ एकर पसरलेला होता. तो आजही आहे.

कारण काय? परत आलेल्या बॉम्बमधून एक भाग काढताना लाकडी साधनाऐवजी पितळेची छिन्नी वापरली गेली, ठिणगी पडली, असा निष्कर्ष निघाला. देखरेख ढिली होती, जबाबदार अधिकारी कोण याचाच गोंधळ होता. पण हा निष्कर्ष लोकांसमोर यायला १९७४ साल उजाडलं. म्हणजे ज्यांच्या घरची माणसं गेली, त्यांनी ३० वर्षं वाट पाहिली.

आता पाहा, खडक १०० फूट जाड असो की ५० फूट, तो वरून येणाऱ्या बॉम्बपासून आतला माल वाचवतो. आतच काही झालं तर वरच्या गावाला वाचवायला तो पुरत नाही. भांडार खाली असलं की गावाला सुरक्षित वाटतं, कारण डोळ्याला काही दिसत नाही. फॉल्डच्या शेतकऱ्यालाही तसंच वाटत असेल.

गुप्तता किती आणि कशाची?

युद्ध संपल्यावर कोर्शमची स्प्रिंग खाण रिकामी राहिली नाही. १९५० च्या दशकाच्या शेवटी, अणुयुद्ध झालं तर ब्रिटनचं सरकार कुठून चालवायचं, यासाठी त्याच खाणीत ३५ एकरांवर एक गुप्त शहर उभं केलं. पंतप्रधानांपासून कारकुनांपर्यंत ४ हजार माणसं तिथे राहतील अशी सोय. स्वयंपाकघर, दवाखाना, टेलिफोन एक्सचेंज, सगळं. त्याचं एक सांकेतिक नाव ‘बर्लिंग्टन’. ते कधी वापरावं लागलं नाही. डिसेंबर २००४ मध्ये त्यावरची गुप्तता उठली.

जवळपास ५० वर्षं गावाखाली हे होतं आणि लोकांना अधिकृतपणे काही सांगितलेलं नव्हतं. मग जे होतं तेच झालं. अफवा! तिथल्या विमानदलाच्या रडलो मॅनर तळावर उडत्या तबकड्या लपवल्या आहेत, इथपर्यंत गोष्टी पसरल्या. व्हॉट्सअॅप नव्हतं तेव्हाची ही स्थिती. सरकारने तोंड बंद ठेवलं की लोक आपापलं उत्तर तयार करतात, हे तिकडचं काय आणि इकडचं काय, सारखंच.

लष्कराला गुप्तता लागते, यात वाद नाही. कुठल्या शेडमध्ये कोणता गोळा आहे हे कोणी चौकात सांगणार नाही, सांगूही नये. पण गुप्ततेचे दोन भाग असतात. आत काय आहे, हा एक. आत काही झालं तर बाहेरच्याने काय करायचं, हा दुसरा. पहिला भाग शत्रूपासून लपवायचा असतो. दुसरा भाग गावापासून लपवून कोणाचंच भलं होत नाही. फॉल्डमध्ये दोन्ही भाग एकाच कुलपात ठेवले गेले.

पोकळ जमिनीचं बिल कोण भरतं?

आता जी खाण कोणीच पुन्हा वापरली नाही तिचं काय होतं, तेही पाहू. बाथ शहराला लागून कोम डाउन नावाची वस्ती आहे. अठराव्या शतकात तिच्याखालून भरपूर दगड काढला. खाणमालक गेले, कंपन्या गेल्या, वर घरं वाढत गेली. पुढे तपासणी केली तेव्हा कळलं, की काही ठिकाणी रस्ता आणि पोकळी यांच्यामध्ये जेमतेम २ मीटर माती-दगड उरला आहे आणि मधले खांबही कोरलेले आहेत. ७०० हून जास्त घरं धोक्यात होती. शेवटी सरकारी पैशातून १५ कोटी पौंडांपेक्षा जास्त खर्च करून ती पोकळी फेसाच्या काँक्रीटने भरली. हे काम २०१० च्या आसपास संपलं. दगडाचा नफा एकाने घेतला, भरणा दोनशे-अडीचशे वर्षांनी करदात्याने केला.

हे वाचून ‘तिकडचं आहे’ असं म्हणायचं कारण नाही. आपल्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात घुग्घुसला ऑगस्ट २०२२ मध्ये काय झालं ते आठवा. आमराई वॉर्डात एक अख्खं घर बघता बघता जमिनीत गेलं. खाली जुनी भूमिगत कोळसा खाण होती. सुदैवाने जीवितहानी झाली नाही, पण आसपासच्या कुटुंबांना घरं सोडावी लागली. खाण कधीची, नकाशा कोणाकडे, भरणा कोणी करायचा होता, हे प्रश्न तेव्हा विचारले गेले. घर खाली गेल्यावर!

पुलगावकडे पाहताना

आता आपल्या घरचं. पुलगावचं भांडार सुमारे ७ हजार एकरांवर पसरलेलं आहे आणि देशातलं सगळ्यात मोठं दारूगोळा भांडार म्हणून ओळखलं जातं. ३१ मे २०१६ च्या रात्री १ च्या सुमारास तिथे आग लागली आणि स्फोट झाले. २ लष्करी अधिकाऱ्यांसह १६ हून जास्त जणांचा जीव गेला. त्यात आग विझवायला धावलेले भांडाराचे अग्निशमन जवान मोठ्या संख्येने होते. आगरगाव, नागझरी आणि आसपासच्या गावांतले लोक लेकराबाळांना घेऊन अंधारात बाहेर पडले. कोणत्या दिशेने जायचं हे त्या रात्री ज्याने त्याने आपल्या अंदाजाने ठरवलं.

पुन्हा २० नोव्हेंबर २०१८. सोनेगाव (आबाजी) शिवारात जुना दारूगोळा नष्ट करण्याचं काम चालू असताना स्फोट झाला. ६ जण गेले. मृतांत आसपासच्या गावचे कंत्राटी मजूर होते. ते सैनिक नव्हते, स्फोटकांचे तंत्रज्ञ नव्हते. रोजीसाठी ठेकेदाराकडे गेलेली माणसं होती.

या दोन्ही घटना फॉल्डच्या शेजारी ठेवा. फॉल्डमध्येही काम करताना चुकीचं साधन आणि ढिली देखरेख नडली. तिथेही आत कामाला असलेले आणि वर शेती करणारे दोघेही गेले. भांडार जमिनीवर असो की जमिनीखाली, धोका सगळ्यात आधी पोचतो तो मजुरापर्यंत आणि कुंपणाला लागून ज्याचं वावर आहे त्याच्यापर्यंत.

मग भांडार नकोच का? असं म्हणणं सोपं आहे, पण ते खरं नाही. देशाला दारूगोळा लागतो, तो कुठेतरी ठेवावाच लागतो. भांडारामुळे पुलगावला रोजगार आहे, बाजार आहे, हेही खरं. म्हणून ‘हो की नाही’ यात अडकण्यापेक्षा, ते शेजारी असताना गावाच्या हातात कोणते कागद असले पाहिजेत, हे पाहणं जास्त कामाचं आहे.

ग्रामसभेने काय विचारायचं?

एक. अंतर. ‘वर्क्स ऑफ डिफेन्स अॅक्ट, १९०३’ हा जुना कायदा आजही लागू आहे. त्यानुसार संरक्षण खात्याच्या कामांभोवती २ हजार यार्डांपर्यंत, म्हणजे साधारण १.८ किलोमीटरपर्यंत, बांधकामावर बंधनं घालता येतात. पण ती बंधनं अधिसूचना काढून घालावी लागतात आणि नुकसान होत असेल तर भरपाईची तरतूद त्याच कायद्यात आहे. आपल्या गावाचा कोणता गट नंबर कोणत्या रेषेच्या आत येतो, त्या अधिसूचनेची प्रत कुठे आहे, हे जिल्हाधिकारी कार्यालयात विचारता येतं. घर बांधायला परवानगी नाही असं तोंडी सांगून कोणी परत पाठवत असेल, तर लेखी मागा.

दोन. पळायची वाट. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ प्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात प्राधिकरण असतं. जिल्हाधिकारी अध्यक्ष आणि जिल्हा परिषद अध्यक्ष सहअध्यक्ष. जिल्ह्याचा आपत्ती आराखडा तयार करून दरवर्षी त्याची उजळणी करायची, असं कायदाच सांगतो. त्या आराखड्यात आपल्या गावाचं नाव आहे का? भोंगा कोण वाजवणार, वाहनं कुठे उभी राहणार, म्हातारी माणसं आणि जनावरं यांचं काय? यात एकही लष्करी गुपित नाही. वर्षातून एकदा शाळेच्या मैदानावर सराव झाला तरी २०१६ सारख्या रात्री फार फरक पडेल.

तीन. मजूर. ठेकेदार गावातून माणसं नेतो तेव्हा त्यांची यादी ग्रामपंचायतीकडे असते का? काम कोणतं, प्रशिक्षण दिलं का, विमा आहे का? कामावर जाणाऱ्याने हजेरीचा आणि ठेकेदाराच्या नावाचा पुरावा मोबाईलमध्ये फोटो काढून घरी ठेवावा. अपघातानंतर भरपाईसाठी पहिला प्रश्न हाच येतो, की हा माणूस तिथे कामाला होता कशावरून?

चार. बंद खदानी. आपल्या तालुक्यांत जमिनीखालच्या दगडखाणी नाहीत, काळ्या दगडाच्या उघड्या खदानी आहेत. त्यामुळे कोर्शमसारखं भांडार त्यात उद्या येईल अशी काही शक्यता नाही. पण काम थांबलं की त्या पाण्याने भरतात. पोरं पोहायला जातात, जनावरं पडतात. काही ठिकाणी कचरा टाकला जातो, आणि तो कुठून आला हे कोणाला माहीत नसतं. लीज कोणाच्या नावावर होतं, संपलं कधी, कुंपण आणि भरणा करण्याची अट कोणावर होती, हे कागद तहसील आणि जिल्हा खनिकर्म कार्यालयात असतात. ते ठेकेदार परिसरात आहे तोवरच मागायचे. तो निघून गेला की कोम डाउनसारखं बिल गावाच्या गळ्यात येतं.

आज कोर्शमला काय आहे?

दारूगोळा १९६० च्या दशकात तिथून हलला. आज ईस्टलेज खाणीत महागड्या वाईनच्या बाटल्या साठवल्या जातात, कारण खाली बाराही महिने तापमान जवळपास सारखं राहतं. मंक्टन फार्लीत काही वर्षं संग्रहालय होतं, नंतर कागदपत्रं आणि मौल्यवान वस्तूंचं सुरक्षित गोदाम झालं. बॉक्सच्या खाणीत दुर्मीळ वटवाघळं राहतात आणि ती जागा त्यांच्यासाठी राखीव आहे. संरक्षण खात्याचं संगणक आणि दळणवळणाचं मोठं केंद्र अजूनही कोर्शममध्येच आहे. आणि परिसरातल्या एक-दोन खाणींत आजही दगड निघतो, फक्त हातकरवतीच्या जागी यंत्र आलं आहे.

म्हणजे एका खाणीची वाट दगड, दारूगोळा, कारखाना, गुप्त शहर, गोदाम अशी कुठेही जाऊ शकते. दर वेळी मालक बदलतो, कुलूप बदलतं, पाटी बदलते. वरचं गाव तेच राहतं. हॅनबरीच्या लोकांना ३० वर्षांनी उत्तर मिळालं, तेही माणसं गेल्यावर. आगरगाव, नागझरी, सोनेगावच्या ग्रामसभांनी वरचे चार प्रश्न पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर घेतले, ठराव करून जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवले आणि पोच घेतली, तर त्याला एक कागद आणि एक सही एवढाच खर्च आहे.